वाघिणीची कालची जागा

सूर्यावर नजर ठेवणं ही माझी नोकरी. त्यावर डाग किती, कुठला डाग केव्हा भडकेल, त्यातून उसळलेला ढग पृथ्वीवर येऊन आदळेल की बाजूने निघून जाईल, याचा अंदाज आमचं ऑफिस रोज लिहितं. तो विमानवाल्यांना जातो, उपग्रहवाल्यांना जातो, विजेच्या मोठ्या लाइनी सांभाळणाऱ्यांना जातो. नागभीडजवळच्या आमच्या गावात मात्र मला विचारतात, उद्या ऊन पडते का, आणि हसतात. माझा राग नाकावर, मी उत्तरच देत नाही.

त्या वर्षी मोहाच्या दिवसांत सुट्टी घेऊन घरी गेले होते. गावालगतच्या जंगलात एक वाघीण होती, तिच्या गळ्यात पट्टा बांधलेला. तो पट्टा उपग्रहांच्या मदतीने आपली जागा काढून कळवायचा, आणि गावातला वनखात्याचा एक पहारेकरी भाऊ रोज पहाटे ती जागा गावाच्या ग्रुपवर टाकायचा. पूर्वी बाया मोहफुलं वेचायला घोळक्याने जायच्या, एक जण काठी घेऊन राखणीला उभी राहायची. निरोप यायला लागला तशी राखण सुटली. जी ती आपापल्या झाडाखाली. फूल वाकून वेचावं लागतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मायने मला विचारलं होतं, ह्या निरोपावर भरवसा ठेवायचा ना? मी ऐटीत सांगितलं होतं की उपग्रह खोटं बोलत नाहीत.

एके दिवशी संध्याकाळी ऑफिसातल्या सहकाऱ्याचा फोन आला. सुट्टीवर निघण्याआधी मी सूर्यावरून उसळलेल्या एका ढगाबद्दल लिहून ठेवलं होतं, बाजूने जाईल म्हणून. तो सरळ आपल्याकडेच येत होता. पहाटेपर्यंत वादळ सुरू होईल, उपग्रहांचे संदेश थरथरतील, तुटतील, असं तो म्हणाला. मला काय वाटलं असेल? भीती नाही, लाज वाटली. माझा अंदाज चुकला, आता वरचे साहेब काय म्हणतील, एवढंच डोक्यात. भाकर खाल्ली आणि झोपले. घरात कुणाला काही बोलले नाही.

सकाळी उठले तेव्हा माय निघून गेली होती. ग्रुपवर निरोप होता, वाघीण नदीपल्याड, बिनधास्त जा. मी सहज फोनमधला नकाशा उघडला. मी बसले होते अंगणात, आणि माझा निळा ठिपका घरामागच्या बोडीच्या पाण्यात. थोड्या वेळाने तो रस्त्यावर, परत पाण्यात. बाप्पा! अंगणातला माणूस ज्या उपग्रहांना सापडेना, त्यांना जंगलातली वाघीण कुठून सापडणार?

पहारेकरी भाऊला फोन लावला. ही जागा केव्हाची, म्हणून विचारलं. तो चाचरला. मागे एकदा निरोप टाकायचा राहिला, तर बायांनी त्याला फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून नवीन जागा आली नाही की तो आधीचीच परत टाकायचा.

"रातपासून काहीच नाई आलं, ताई. हे कालचीच जागा हाय."

मी चप्पल न घालता धावले. आमची झाडं नाल्याच्या अलीकडे, मायचं सगळ्यांत आत. धावताना मी ओरडत होते. वाटेत भेटलेल्या बाया माझं तोंड पाहूनच टोपल्या टाकून माझ्यामागे निघाल्या. नाल्याकडे एक चितळ सारखं ओरडत होतं, वाघ जवळ आला की ओरडतं तसं. मग माय दिसली. पाठ आमच्याकडे, वाकलेली, शांतपणे एकेक फूल उचलणारी. ती पाठ किती लहान होती, बाई. मी तिथूनच ओरडले.

"माय, उभी राह्य. खाली वाकू नको, उभी राह्य."

ती उभी राहिली. तिच्यामागच्या झुडपात पाचोळा वाजला, थांबला. आम्ही एकमेकींना धरून, पाठ न फिरवता, मागे मागे सरत बाहेर आलो.

नऊ वाजता पट्टा बोलला. वाघीण नाल्यात होती, मायच्या झाडापासून हाकेच्या अंतरावर. पहारेकरी भाऊ स्वतः आमच्या अंगणात आला आणि मान खाली घालून बसला. बायांनी त्याला नको नको ते ऐकवलं. काऊन जुनी जागा टाकली, आमच्या जिवाची किंमत नाई का? मी त्याला एकट्याला ऐकू दिलं.

मग मायने मोहाने चिकट झालेला हात माझ्या केसांवरून फिरवला आणि सगळ्यांना सांगितलं, "माह्या पोरीले समजल्याबरोबर धावत आली ते. तिच्यामुळं वाचली मी."

सगळ्या बाया माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. आदल्या संध्याकाळच्या फोनबद्दल मी मायला आजपर्यंत सांगितलेलं नाही.