बाबांचा आवाज आणि माझा रेकॉर्डर

माझ्या वडिलांचा उरलासुरला आवाज मी वाशीमच्या एका दुकानात, भर दुपारी, तीन रेकॉर्डर तपासण्यात संपवला.

उरलासुरला अशासाठी, की बाबांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली होती. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "बहुतेक साधीच असेल, पण काढून तपासावी लागेल. आवाज थोडा बदलू शकतो. तोवर जपून बोला." तो 'बहुतेक' मी घरी येईपर्यंत घोकत राहिलो. आणि 'जपून बोला' कोणाला? शेलूबाजारच्या आसपास कुठेही शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असली, की बैलजोडी सुटल्यापासून रेघ ओलांडेपर्यंत माईकवर जो माणूस ओरडतो, तो माझा बाप! (माईक नुसता शोभेला. बैलांना तसंही ऐकू जातं.)

आवाज जाण्याआधी तो साठवून ठेवायचा, असं मी ठरवलं. मोबाईलमध्ये बाबांचा आवाज फाटका यायचा, म्हणून चांगला रेकॉर्डर घ्यायचा. मी पडलो शाळामास्तर; आधी अभ्यास! चार दिवस व्हिडिओ पाहिले. एक म्हणे दोन माईकवाला घ्या, दुसरा म्हणे चार. तिसरा म्हणे, वाऱ्यासाठी माईकला केसाळ टोपी हवीच. चुकीचा घेतला आणि आवाज परत आलाच नाही, तर? हा विचार आला, की मी आणखी एक व्हिडिओ लावायचो.

"अरे, घे ना कोन्ताबी!" आई वैतागली. "तू पाहूनच राह्यला. तिकडे तुह्या बापाचा गळा बसून राह्यला!"

"आई, पुन्हा पुन्हा घ्याची वस्तू नाही हे."

"बायको पाह्याच्या वक्ती बी असंच म्हने. दोन वर्सं घालोले!"

शेवटी वाशीमला सलीमभाईंच्या दुकानात गेलो. त्यांनी तीन रेकॉर्डर मांडले आणि विचारलं, "मास्तर, आवाज केवढा हाय?"

"पटावरचा."

"मंग बोलनाऱ्यालेच आना ना! बिना ट्रायलचं काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी मी बाबांना जीपमध्ये घालून घेऊन गेलो. (डॉक्टरांचे शब्द मला पाठ होते. पाठ असणं आणि आठवणं यात फरक असतो, हे मी मुलांना नेहमी सांगतो.)

पहिला रेकॉर्डर. मी लाल बटण दाबलं. दिवा लुकलुकू लागला. "बाबा, हळू बोला बरं."

"हळू पट होते का कदी?" असं म्हणून बाबांनी छाती भरून घेतली. "सुटलीऽऽ सुटलीऽऽ सुटली रे जोडी! ढवळ्या फुडं, पवळ्या फुडं..." काचेचं कपाट थरथरलं. शेजारचा टेलर गळ्यात टेप घेऊन धावत आला. स्कूटरवरचा एकजण थांबून विचारू लागला, "कोनाची जोडी लागली?"

मी बटण दाबून बंद केलं. "आता दुसरा, बाबा. जरा डावीकडून." पुन्हा तोच पट, पुन्हा तीच जोडी. मग तिसरा, टोपीवाला.

"हे मुंगसाचं पिल्लू काहून धरलं तोंडापुढं?" बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले. मग छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली.

मी बटण दाबून तोही बंद केला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. सलीमभाईंनी पंखा बंद केला. अर्धा तास मी विनवत राहिलो, तरी काही ऐकू आलं नाही. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी टोपीवाला रेकॉर्डर पाठीमागे लपवला.

"फिकर नका करू, मास्तर," सलीमभाई म्हणाले. "अंदर तर आला ना आवाज." त्यांनी पहिला रेकॉर्डर लावला. आतून माझा आवाज आला, "आता दुसरा, बाबा. जरा डावीकडून." दुसऱ्यातही मीच!

सलीमभाईंनी कपाळाला हात लावला. "बत्ती लुकलुकते तवा ते फकत तयार ऱ्हाते. चालू कराले आनखी एक डाव दाबा लागते! तुमी बंद कराले गेले का ते चालू झालं."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"मी बी पटच आयकून राह्यलो होतो ना!"

घरी आईने विचारलं, "कसं झालं?" बाबांनी गळ्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे. आई म्हणाली, "आवाज भराले गेलते का सांडाले?"

ऑपरेशनपर्यंत आवाज आला नाही. मी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. ते बाबांना म्हणाले, गळ्याला आराम द्या, आणि जमल्यास तुमच्या या मुलालाही. ऑपरेशन झालं. तपासणीत गाठ साधी निघाली, आणि मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून असा रडलो, की येणारे-जाणारे माझंच सांत्वन करू लागले. (महिन्याभराने बाबांचा आवाज परत आला. जरा खरखरीत झालाय. बैलांची तक्रार नाही.)

पण ऑपरेशननंतर आठवडाभर दवाखान्यात बाबांना संपूर्ण मौन होतं. बोलणं सगळं वहीवर. शरमेपोटी मी तिसरा रेकॉर्डर विकत घेतला होता. त्यातही बंद करायला गेलो तेव्हापासूनची माझीच अर्ध्या तासाची बडबड होती: बाबा खाकरा, बाबा पाणी प्या, बाबा घाबरू नका, सलीमभाई दोन माईक बरे की चार! एका दुपारी बाबांनी तो मागून घेतला आणि कानाला लावून सगळा ऐकला. त्यांचे खांदे गदगदा हलू लागले. मी घाबरून नर्सला हाक मारणार, इतक्यात त्यांनी वही ओढली, चार शब्द लिहिले आणि माझ्यापुढे धरले:

"डॉक्टरनं चुकीचा गळा कापला."