राखून ठेवलेलं पीठ

"आई सकाळी गेली. ते मातीचं भांडं तुला द्यायला सांगून गेलीय," ग्रेस फोनवर एवढंच बोलली. त्याला महिना झाला. तळाला भोकं असलेलं ते जड भांडं आता माझ्या ओट्यावर आहे, आणि ग्रेसची आई, आमच्या हान काकू, नाहीत...

जर्सी सिटीत त्या आमच्या शेजारी राहायच्या. कोरियातून येऊन त्यांना तीस वर्षं झाली होती. मिसेस हान म्हणायला मला परकं वाटे, म्हणून मी त्यांना काकू करून टाकलं. पाच वर्षांपूर्वी माझी सई सातव्या महिन्यातच जन्मली. घरी आणल्यावरही मी तिच्या छातीवर डोळे लावून बसायचे, श्वास चाललाय ना! माझ्या आईचा व्हिसा नाकारला गेला होता. काकूंनी सांगितलं, त्यांच्याकडे बाळाच्या शंभराव्या दिवशी तांदळाचा पांढरा केक वाफवतात आणि शंभर जणांना वाटतात. बाळाला आयुष्य लाभतं. एरवी मी असल्या गोष्टींना हसले असते. तेव्हा मात्र हट्टच धरला, केक मीच करणार.

तांदूळ भिजवून, दळून, ओलसर पीठ काकूंनी दोनदा चाळलं. तेवढ्यात सई रडली म्हणून त्या आत गेल्या. मी पीठ भांड्यात भरलं आणि घरी डबे भरताना करतो तसं वरून तळहातानं छान दाबलं. खाली पाण्याचं पातेलं, सांध्याला कणकेची वळी. झाकण उघडायचं नाही, ही काकूंची सक्त ताकीद. अर्धा तास मी ओट्याशी खिळून उभी होते. सकाळपासून सईला सर्दी होती. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं.

झाकण काढलं तर कडा शिजलेल्या, मध्ये कोरडं पीठ.

"यार, टेन्शन काय घेतेस? दुकानातून ऑर्डर करू," नवरा म्हणाला. मी त्याच्यावर खेकसले.

काकूंनी भांड्यात पाहिलं. "प्रेस केलंस? मग वाफ वर कुठून येणार?"

"काकू, आता सईचं काय होणार?" मला रडू आवरेना.

"ग्रेसच्या शंभराव्या दिवसाचाही पहिला केक असाच कच्चा राहिला होता," त्या शांतपणे म्हणाल्या. "आता बघ, माझ्यावरच ओरडते." मग त्यांनी फ्रिजमधून राखून ठेवलेलं अर्धं पीठ काढलं. दुसरा केक अख्खा उतरला. लिफ्टमध्ये भेटेल त्याच्या हातावर मी तुकडा ठेवत सुटले.

परवा ग्रेसला हे सांगितलं. ती म्हणाली, "माझा? माझा तर पहिल्याच वेळी परफेक्ट झाला होता. आई जन्मभर शेखी मिरवायची."

एरवी मिठाची चवसुद्धा खोटी न सांगणारी बाई! मला फार रडू आलं.

काल तांदूळ भिजवले. सई आता पाच वर्षांची आहे. स्टुलावर चढून तिनं हात पुढे केला. "आई, कॅन आय प्रेस इट?"

अर्धं पीठ मी आधीच फ्रिजमध्ये ठेवलं होतं.

"दाब," मी म्हटलं.