मेंढरं माळावरच

…मग बिरुदेव वैतागून म्हणाला, "वैनी, डोकं फिरलंय का तुजं? मालक ज्वारी द्याया तयार, रान मोकळं, आन तू म्हंतीस मेंढरं माळाला घाला?"

काल इथवर आपण आलो होतो. तर म्हाळसाबाईनं दिराकडं पाठ केली. घोडीच्या पाठीवरच्या वाकळा पुन्हा आवळल्या, लगाम धरला आणि कॅनॉलचा पूल ओलांडून उघड्या माळाकडं चालू लागली. मागं मेंढरं, मेंढरांमागं कुत्री, कुत्र्यांमागं तोंड फुगवलेला बिरुदेव आणि सगळ्यात शेवटी तिच्या मुलाच्या, मल्हारच्या आधारानं, एका हातानं पोट सावरत येणारी सून दिपाली.

काल जे मधूनच उठून गेले त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं. म्हाळसाबाई सांगोल्याकडची. पाऊसकाळ सरला की तिकडं मेंढराला तोंड घालायला काडी राहत नाही, म्हणून धनगरांचे वाडे बाहेर पडतात. वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे बरं का. दोन-चार कुटुंबं, त्यांची मेंढरं, घोडी, करडं, कोंबड्या, असा हा चालता संसार. तो माळशिरसच्या कॅनॉलपट्ट्यात उतरतो. उसानं दमलेल्या रानात वाघरी लावायच्या, म्हणजे जाळीचं कुंपण करायचं आणि त्यात रात्रभर मेंढरं बसवायची. सकाळी बघावं तर सगळं रान लेंड्यांनी काळंभोर! असलं खत दुकानात मिळत नाही. त्याच्या बदल्यात शेतकरी धान्य देतो, चरायला रान देतो. ज्ञानबा, म्हणजे म्हाळसाबाईचा नवरा, वारल्यावर वाड्याचं म्होरकेपण तिच्याकडं आलं. कुणी दिलं नाही आणि कुणी अडवलंही नाही. पहाटे तिच्याआधी उठणारा वाड्यात दुसरा कुणी नव्हता, एवढंच.

बाईला एका जागी बसणं माहीतच नाही. भाकरी खातानासुद्धा एक गुडघा उभा. एकदा माळशिरसला आरोग्य खात्याच्या साहेबांना भेटायला गेली. "बसा" म्हटलं तर बसेना. कचेरीच्या व्हरांड्यात ह्या टोकाहून त्या टोकाला अशी काही फिरत राहिली की शेवटी शिपाईच आत जाऊन म्हणाला, "साहेब, ह्या बाईला आधी घ्या, मला गरगरायला लागलंय." साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडं उपचाराचं कार्ड नाही का?" ती म्हणाली, "कार्ड हाय की सायेब, पेटीत हाय. पर ताप येतो तवा दवाखाना लांब म्हागं ऱ्हायलेला आसतो, आन फुडचा म्हंतो म्हागं जा." साहेबांनी चहा पाजला. चहासुद्धा तिनं उभ्यानंच घेतला.

तिचं मागणं एकच. माणूस ज्या गावात आजारी पडेल त्या गावच्या सरकारी दवाखान्यानं त्याला बघावं. हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते मल्हार रांगता असताना. वेळापूरच्या अलीकडं वाडा उतरला होता. जनावरांचा डॉक्टर फटफटीवरून मेंढरांना लस टोचायला आला. मेंढरं झाली, करडं झाली, तशी म्हाळसाबाईनं मल्हारचा दंड पुढं केला.

"ह्येलाबी टोचा."

"अहो बाई, मी जनावरांचा!"

"मग मान्सांचा कुटं हाय?"

"तुमच्या गावात असेल की."

"आन मेंढरांचं गाव कंचं? त्ये न्हाय इचारलं तुमी!"

डॉक्टर पोट धरून हसला. बाईही हसली. पण हसता हसता उठून उभी राहिली, आणि तेव्हापासून जिथं वाडा उतरेल तिथल्या सरपंचाच्या, मास्तराच्या, सिस्टरच्या मागं तिचं हे लागलेलं. कुणी हो म्हणालं, कुणी बघू म्हणालं. पुढच्या साली पुन्हा तेच दार, तेच बोलणं.

आता यंदाचं. दिपालीला आठवा महिना. पायावर सूज, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे. गावाचं नाव घेत नाही, आपली सोयरीक आहे तिथं. त्या गावच्या उपकेंद्रात सासू सुनेला घेऊन गेली. हेमावती सिस्टर दारातच म्हणाल्या, "मावशी, तुमची नोंद सांगोल्याला. इथं आमच्या हद्दीतल्या बायकांनाच गोळ्या पुरेनात. गाडी करा आणि तिकडं न्या." मागं कोपीवरची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या पाचटाच्या झोपडीतली, एक बाई उभी होती, कडेवर खोकणारं पोर. तिलाही तेच सांगितलं. ती बिचारी पोराला सावरत वळली. म्हाळसाबाई तिच्या पाठीकडं बघत राहिली, आणि तिथून थेट अभिमन्यूच्या रानात गेली.

अभिमन्यू गावचा उपसरपंच. त्याला डाळिंब लावायचं होतं आणि त्याआधी रानात मेंढरं बसवायची होती. सौदा ठरलेला, निम्मी वाघर लागलेली. बाईनं वाघरीची मेख उपटली.

"दादा, सौदा मोडला. तुमच्या गावात आमची मान्सं बघत न्हाईत, तर आमची मेंढरं तुमच्या रानात बसणार न्हाईत."

तो हसला. दुसरा वाडा मिळेल, त्यात काय! पण मेंढरं माळाला घालून बाई थांबली नाही. सकाळी उठून कॅनॉलच्या कडेकडेनं बाकीच्या वाड्यांवर गेली. कुणी म्हणालं, "म्हाळसाबाई, तुजी सून, तुजं भांडाण, आमाला कशाला वडतीस?" ती म्हणाली, "तुज्या सुनंला काय दिवस जाणारच न्हाईत व्हय?" कुरकुरत का होईना, सगळ्यांनी शब्द दिला. त्या दिवशी गावच्या एकाही रानात वाघर लागली नाही.

आता माळावर काय असणार? कुसळं आणि दगड. मेंढरं एका जागी ठरेनात, करडं ओरडून ओरडून घसा कोरडा करायला लागली. बाईची तर वेगळीच तऱ्हा. वाड्यापासून पुलापर्यंत जायचं, गावाकडं बघायचं, परत यायचं, सुनेच्या पायावर अंगठा दाबून सूज बघायची, की पुन्हा पुलाकडं. आपण सौदा मोडून बसलो आणि हिला काही झालं तर? असं मनात आलं की पाय आणखीच भरभर पडायचे.

दिपाली म्हणाली, "आत्या, बाळातपण माजं हाय का तुमचं?"

"गप पड तू. मल्हार, फोन लावलास का गाडीवाल्याला?"

"लावला आये. येतो म्हणलाय, पर तो ऊस भरून गेलाय."

"वैनी," बिरुदेव लांबूनच ओरडला, "मेंढरं उपाशी मारून सिस्टरला काय फरक पडतोय?"

"सिस्टरला न्हाय पडत, भावजी. रानवाल्याला पडतोय."

आणि खरंच पडला. कुणाला केळी लावायची, कुणाला ऊस. सगळ्यांच्या रानांनी खताकडं डोळे लावलेले. जो तो अभिमन्यूच्या ओट्यावर. "उपसरपंच म्हणून मिरवतोस, त्या बाईला समजावता येईना व्हय रं?" बायको आतून म्हणाली, "समजवायचं कुणाला, बाईला का सिस्टरला?" अभिमन्यू उठला. सूर्य अजून कासराभर वर होता तेव्हा त्याची फटफटी माळावर आली, मागं बॅग सांभाळत हेमावती सिस्टर.

सिस्टरनी दिपालीच्या दंडाला पट्टा बांधला. फुगा दाबला, पुन्हा दाबला. चेहरा उतरला. त्यांनी फोन काढून रुग्णवाहिका बोलावली. ती येईपर्यंत दिपालीला डाव्या कुशीवर झोपवून स्वतः खाली मातीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, काल परत पाठवलं ते चुकलं माझं. पण वरून मला हद्द आखून दिलेली, औषधं तेवढीच येतात. पंचायतीनं ठराव करून वर कळवलं, तर मी सगळ्यांना बघीन. मला काय आनंद होतो का कुणाला परत पाठवताना?"

म्हाळसाबाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

रुग्णवाहिका आली. मल्हार बायकोबरोबर आत चढला. म्हाळसाबाई गाडीमागं पुलापर्यंत जवळजवळ पळतच गेली. मग तिथंच येरझाऱ्या. बऱ्याच वेळानं मल्हारचा फोन आला. दाखल करून घेतलंय, इंजेक्शन दिलंय, रक्तदाब उतरतोय, बाळाचे ठोके चांगले आहेत. बाईनं फोन कपाळाला लावला आणि माळावर परत आली.

तिथं सगळे उठून उभे. बिरुदेवनं घोडीवर ओझं चढवायलाही घेतलेलं. अभिमन्यू हसत पुढं आला.

"झालं ना मावशी मनासारखं? सून दवाखान्यात पोचली. ह्या हंगामात तुमच्या सगळ्या वाड्यांना सिस्टर बघतील, माझा शब्द. आता उतरवा मेंढरं रानात."

"आन त्या कोप्यांवरची?" बाईनं कॅनॉलपलीकडं हात केला.

"आता त्यांचं काय मधीच! ती काय आज हितं, उद्या दुसऱ्या कारखान्याला."

"वैनी, चल की!" बिरुदेव रडकुंडीला आला. "मेंढरं वरडायल्यात!"

मेंढरं ओरडत होतीच. बाईनं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा गावाकडं. चार पावलं तिकडं गेली, चार पावलं मागं आली. अभिमन्यूचा धीर सुटला.

"अहो, तुमचं काम झालं ना! मग त्या कोपीवाल्यांसाठी कशाला अडून बसताय? ती तुमची कोण लागतात?"

तेव्हा म्हाळसाबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, तुमी फटफटी काडली, लई उपकार झालं. पर काडली ती मेंढरांसाटी. त्या बाईकडं तुमच्या रानात बसवाया काय हाय? तिचं पोर खोकतंयच की आजून. आन पंदरा दिसांनी मी फुडच्या गावाला आसंन, तितं मला कोण वळकतंय? तितं मीच कोपीवाली. तवा पंचायतीत बसा, सिस्टरबाई म्हंत्यात तसा ठराव करा, की दारात यील त्येला आदी बघायचं, गाव मागनं इचारायचं. झालं की हाक मारा मला. मी कुटं बसलीय, हितंच फिरतीय."