नाल्यातली गौर

आमच्या घरी खड्यांची गौर असते. मुखवटे नाहीत, साड्या नेसवणं नाही. पाण्याच्या कडेचे पाच खडे ताम्हनात घालून आणायचे आणि पाटावर बसवायचे, झाली गौर. फक्त आणणारीने वाटेत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, घराच्या उंबऱ्यापर्यंत. सासूबाई ही रीत कोकणातून घेऊन आल्या. आता बोरिवलीत पाण्याची कडा कुठून आणायची? आम्ही कित्येक वर्षं गेटजवळच्या खडीच्या ढिगातून पाच खडे उचलतो. आमच्या गल्लीत कुठली ना कुठली इमारत पाडून नवी उभी करणं चालूच असतं, त्यामुळे गौरीची अडचण कधी झाली नाही.

यंदा सुनेची पहिली गौर होती. सून फ्रान्सची. लग्न तिच्याच गावी झालं, पॅरिसच्या पूर्वेला, मार्न नदीच्या काठी. लोक रोज गाडीने पॅरिसला कामाला जातात आणि संध्याकाळी झोपायला परत येतात, म्हणजे तसं ते त्यांचं मुलुंडच. पण नदीकाठाने बैठी घरं, पुढे बागा, बांधून ठेवलेल्या होड्या. विहीणबाईंनी मला एका भिंतीवर कोरलेली रेघ दाखवली. फार पूर्वी मोठा पूर आला होता, तेव्हा पाणी तिथवर चढलं होतं म्हणे. आमच्याकडे पाणी ओसरलं की आधी भिंत रंगवून घेतात.

त्यांच्या आजीच्या काळात रविवारी पॅरिसचे कामगार बायकापोरांना घेऊन त्या गावात यायचे. बोटाएवढे मासे तळून खायचे, अकॉर्डियनच्या तालावर नाचायचे, नदीत डुंबायचे. पुढे नदी इतकी घाण झाली की पोहायला बंदी आली. विहीणबाईंचा जन्म नदीकाठचा, पण पोहायला शिकल्या त्या टाकीत. आता इतक्या वर्षांनी नदी साफ होतेय, उन्हाळ्यात लोक पुन्हा उतरतात. हे सांगताना बाई अगदी फुलून आल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, तुमच्या गावाची नदी कोणती? मुलाने मराठीत करून सांगितलं. मी म्हटलं, सांग त्यांना, आमच्याकडे नदी नाही, नाला आहे.

गौरीच्या आदल्या दिवशी सुनेने मोबाइलवरचा नकाशा माझ्यापुढे धरला. आमच्या इमारतीच्या मागून एक निळी रेघ गेली होती.

"आई, ही नदी आहे ना?"

मला हसू आलं. नाला आहे गं तो, असं मी म्हणतेय तोवर ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. "नदीच आहे ती. दहिसर नदी. पुलावर पाटी आहे की. माझी आई सुरुवातीला गौर तिथूनच आणायची, काठावर गुरांचे गोठे आणि कारखाने व्हायच्या आधी."

लग्न होऊन आले तेव्हापासून त्या पुलावरून नाकाला पदर लावून भाजी आणतेय, आणि पाटी कधी वाचली नाही. घरातल्याच म्हातारीला इतकी वर्षं शेजारीण समजत होते, असं काहीसं वाटलं. सुनेने मोबाइल बाजूला ठेवला. मला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ती नऊवारी नेसून ताम्हन घेऊन खाली गेली. ढीग गेटपाशीच, पाच मिनिटांचं काम. ती येईचना. मुलुंडहून आलेल्या मोठ्या जाऊबाई दाराशी ओवाळणीचं ताट धरून उभ्या, मी पाण्याचा तांब्या घेऊन. शेवटी खालून वॉचमनचा फोन आला की मॅडम मागे नाल्यात उतरल्यात.

लेप्टोचा ताप, काचा, काय काय नसेल त्या पाण्यात! ह्यांना खाली पिटाळलं, पण ते लिफ्टपाशी पोचतात तोवर ती जिन्याने वर आलीच. पोटऱ्यांपर्यंत काळी, नऊवारीची वाट लागलेली, आणि वास असा की शेजारची दारं उघडली. हातातल्या ताम्हनात पाच खडे.

जाऊबाई हळूच पण स्पष्ट म्हणाल्या, "नाल्यातली गौर आत घेऊ नकोस गं. हिला आंघोळ करू दे, मी खडीतले पाच घेऊन येते."

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. सुनेला मराठी सगळं कळतं. तिचे कान लाल झाले. पण उंबऱ्यापर्यंत बोलायचं नाही हे आम्हीच तिला बजावलेलं, त्यामुळे ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. पहिली गौर दारातून परतवायची म्हणजे हिलाच परतवायचं, आणि आमच्याच रितीने तिला दाद मागायचीही सोय ठेवली नव्हती. मला त्या क्षणी आमची सगळ्यांची भयंकर लाज वाटली.

मी ताम्हनातला एक खडा उचलला. खडी बोटाला टोचते. हा गोल होता, गुळगुळीत, कुठेही कोपरा नसलेला. असा दगड एका वर्षात होत नाही आणि नाल्यात तर होतच नाही. तिथे त्या घाणीखाली नदी अजून आपलं काम करत होती, आणि मी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती.

मी सुनेच्या पायांवर पाणी ओतलं. काळे ओघळ जिन्यावरून खाली गेले. दुसरा तांब्या ओतला, तिसरा ओतला, पायांवरचं काळं काही निघेना. पायाला कुठे कापलं नाही ना, तेवढं मात्र नीट बघून घेतलं. मग रितीप्रमाणे विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

ह्याचं उत्तर 'सोन्याच्या पावलांनी' असं द्यायचं असतं. आठवडाभर तिच्याकडून घोकून घेतलं होतं. तिने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"नदीच्या," ती म्हणाली.

जाऊबाई तिला सुधारायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी सुनेचा हात धरून म्हटलं, "ये आत."