लोशनचं भांडं

महाराष्ट्र नवा होता तेव्हा मी खामगावच्या एका दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात नर्स होते. स्वभाव मुळातच संशयी. औषधाची बाटली जागची हललेली दिसली तरी माझ्या मनात पाल चुकचुकायची.

एका पंधरवड्यात ऑपरेशनच्या जखमा एकामागून एक चिघळू लागल्या. पिंपळगाव राजाची एक पहिलटकरीण होती, पोट फाडून बाळंत झालेली. तिच्या टाक्यांतून पू येऊ लागला, ताप उतरेना. ही हातची जाते की काय, या धास्तीने मला जेवण जाईना. आधी मी आयावर संशय घेतला, मग धोब्यावर. शेवटी उशाशी बसणाऱ्या तिच्या सासूवर नजर गेली. कपाशी वेचून भेगाळलेले हात, भेगांत माती, कनवटीला अंगाऱ्याची पुडी. तुम्हीच टाक्यांना अंगारा लावलात, असं मी भरल्या वॉर्डात सुनावलं. ती नाही म्हणत होती. मी ऐकूनच घेतलं नाही.

"हे हात घेऊन आत यायचं नाही," मी म्हणाले.

ती व्हरांड्यात जाऊन बसली. तान्ह्याला घेऊन त्याची आत्याही तिथेच असायची. सुनेचा ताप मात्र तसाच राहिला.

मग डॉक्टरांनी वॉर्डातल्या वस्तू तपासायला पाठवल्या. आठवड्याने उत्तर आलं. टाक्यांना हात लावण्याआधी आम्ही सगळे ज्यात हात बुडवायचो, त्या जंतुनाशक लोशनच्या भांड्यातच जंतू होते. भांडं माझ्या ताब्यात. लोशन मोजकंच मिळायचं, जुनं फेकायला जीव होत नसे, म्हणून कमी झालं की मी वरून नवं ओतायचे. भांडं कधी रिकामं पडू दिलं नाही, याचा केवढा तोरा होता मला. साऱ्या जगावर संशय घेतला, त्या भांड्यावर तेवढा घेतला नाही. फार लाज वाटली.

भांडं उकळलं, लोशन रोज नवं होऊ लागलं, इंजेक्शनं बदलली. पाचव्या दिवशी पोरीचा ताप उतरला.

मी व्हरांड्यात गेले आणि सासूला सांगितलं की दोष तिचा नव्हता, माझा होता. ती लेकीच्या मांडीवरच्या नातवाकडे वळली.

"मंग आता घेऊ का याले?" तिनं विचारलं. "तुमी म्हनल्यापासून म्या हात नाही लावला, बाई. मले वाटलं, माह्या हातानं हा बी जाईन."