कूलरमधलं वाळवण

माझं माहेर अकोल्याचं आणि सासर अमरावतीचं. दोन्ही गावं उन्हाळ्यात सारखीच भाजतात, त्यामुळे लग्नानंतर हवापालट झाला असं मला कधी वाटलं नाही. अमरावतीत मी एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची आणि सवड मिळाली की पॅसेंजर धरून अकोल्याला पळायची. माहेरच्या शेजारी चाचांचं कूलर बनवायचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. चाचा पत्रा कापायचे, वाकवायचे, रंगवायचे, आणि बाकी सगळं चाची बघायची, म्हणजे गिऱ्हाईक, भाव, भांडण आणि चाचा.

दिवाळीनंतर कूलर कोण घेणार? न विकलेले डबे गच्चीवर जायचे. त्या हिवाळ्यात मी गेले तेव्हा चाचीनं मला जिना चढायला लावलं. वर एका कूलरच्या गवताच्या ताट्या काढून टाकलेल्या, डबा आतून काळा रंगवलेला, वर खिडकीची जुनी काच तिरपी बसवलेली, आणि आत मच्छरदाणीच्या जाळीवर मेथी पसरलेली. वानरं गच्चीवरचं सगळं वाळवण पळवतात म्हणून तिनं ती कूलरमध्ये कोंडली होती. वानरांचा बंदोबस्त तर झालाच, वर मेथी कडकडीत वाळून हिरवीगार राहिली होती. मी चुरगळून नाकाशी धरली. ताज्या जुडीसारखा वास आला. चाची माझ्या तोंडाकडे बघत उभी होती, कौतुकाची वाट पाहत. तिला लाजणं वगैरे ठाऊक नव्हतं.

एकच गोष्ट अडत होती. भाजीतलं पाणी वाफ होऊन काचेला आतून चिकटायचं आणि परत मेथीवर ठिबकायचं. मी क्लासमधल्या एका बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा लहानसा पंखा काढून आणला. लोडशेडिंगचे दिवस होते, अर्धा दिवस वीज नसायची, म्हणून घराघरांत उन्हावर चार्ज होणारे कंदील आलेले. आमच्या कंदिलाची सोलर पाटी आम्ही त्या पंख्याला जोडली आणि पंखा डब्याच्या मागच्या खिडकीत बसवला. ऊन पडलं की पंखा फिरून वाफ बाहेर काढायचा, ढग आला की थांबायचा. पहिल्यांदा तो फिरला तेव्हा चाची पाटीसमोर हात धरून, सोडून, परत धरून सावली पाडत राहिली. आम्ही दोघी इतक्या हसलो की खालून चाचा विचारायला आले काय झालं म्हणून.

त्या काळात मी इंटरनेटवर एक वेगळंच जग वाचत होते. कुणी बिनधुराच्या चुलीचे, कुणी पवनचक्कीचे, कुणी पाणी गाळायच्या मडक्यांचे आराखडे सगळ्यांसाठी उघडे ठेवत होतं. कुणीही बनवा, बदला, विकासुद्धा, फक्त काय बदललं ते परत सगळ्यांना सांगा, एवढीच अट. मी चाचीला हे सांगितलं आणि म्हटलं, आपणही हा डबा तिथं टाकू. चाचा जरा घुटमळले. आपली वस्तू अशी जगाला वाटून टाकायची, हे दुकानदाराच्या गळी सहज उतरणारं नव्हतंच.

चाची म्हणाली, "कूलर उन्हाळ्यात विका ना तुमी. थंडीत हा डबा माझा हाये, मी त्याचं काहीबी करीन." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पण बेटा, पयले कोणी केलं थे लिहिजो."

असा आमचा गट सुरू झाला. चाचांनी पत्र्यावर खडूनं आकृती काढली, मी मागून आणलेल्या कॅमेऱ्यानं तिचे फोटो काढले, मराठीत आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत कृती लिहिली आणि एका फुकट मिळणाऱ्या चर्चेच्या जागेवर चढवली. गटाचं नाव ठेवलं ‘कूलरमधलं वाळवण’. अकोल्यातली एक शोधक बाई, असं चाचीबद्दल लिहिलं. ते वाक्य तिनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

त्यानंतर कितीतरी दिवस काहीच घडलं नाही. फोनवर चाची रोज विचारायची, "आलं का कोणी?" जसं काही दार उघडं टाकून पाहुण्यांची वाट बघतेय.

पहिली पाहुणी आली ती शेंदूरजनाघाटहून. संत्र्याची बाग असलेल्या घरातली बाई. बाजाराच्या दिवशी वरुडला आली की सायबर कॅफेत बसायची आणि इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी लिहायची. तिनं घरच्या जुन्या कूलरचा डबा बनवला होता आणि तिची तक्रार होती. मेथी झकास, पण संत्र्याच्या चकत्या काळ्या पडून राहिल्या, काहून? चाचीला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं मला लिहायला सांगितलं की संत्री तुमची आहेत, कारणही तुम्हीच शोधा. मी जरा गोड करून लिहिलं.

त्या बाईनं खरंच शोधलं. पुढच्या बाजाराला तिचा निरोप आला. काचेखाली तिनं काळा पत्रा टाकला होता, म्हणजे ऊन पत्र्यावर पडायचं आणि चकत्यांना फक्त गरम हवा लागायची. चकत्या केशरी राहिल्या. निरोप वाचून मी क्लासमध्ये खुर्चीवरून उठून उभी राहिले आणि समोरच्या मुलांना सुट्टी देऊन टाकली. चाचीला फोन केला. ती म्हणाली, "हुशार हाये बाई. तिचं नाव माझ्याखाली लिहून टाक."

मग निरोप येतच राहिले. कुणी अंबाडी वाळवली, कुणी बोरं, कुणी कढीपत्ता, एकानं पावसात भिजलेले बूट. लोडशेडिंगमुळे अकोल्याची वीज असायची तेव्हा अमरावतीची नसायची, त्यामुळे एका गावचे प्रश्न आणि दुसऱ्या गावची उत्तरं कधी समोरासमोर भेटायची नाहीत. काचेचा उतार किती ठेवायचा यावर दोघे गृहस्थ महिनोन्‌महिने हमरीतुमरीवर यायचे. आणि एके दुपारी मोरोक्कोतल्या एका डोंगरी गावच्या शाळामास्तरांचा निरोप आला. त्यांचं इंग्रजी माझ्याच तोडीचं होतं. त्यांना जर्दाळू वाळवायचे होते, सगळं समजलं होतं, फक्त कूलर म्हणजे काय ते कळत नव्हतं.

मी चाचीला विचारलं, काय सांगू? ती हातातलं काम टाकून विचारात पडली. मग म्हणाली, "सांग त्याले, आमच्या इथं मे महिन्यात माणूस याच्यासमोर बसूनच जिवंत राह्यते."

मी ते तसंच्या तसं इंग्रजीत लिहून पाठवलं. मास्तरांना वाटलं हे काही दवाखान्याचं यंत्र असावं, आणि आजाऱ्याच्या यंत्रात जर्दाळू ठेवणं बरं नव्हे म्हणून त्यांनी जुन्या फ्रिजचा डबा वापरला. त्याचा फोटो आला तेव्हा चाचीनं तो छापून दुकानात काचेखाली लावला. गिऱ्हाईक आलं की आधी मोरोक्को, मग कूलर.

असं होता होता कुणीतरी लिहिलं, एकदा भेटू या. मूर्तिजापूर ठरलं, कारण अकोला, अमरावती, अचलपूर, कुठूनही आगगाडीनं येता येतं. कापसाच्या एका बंद जिनिंगचं मोकळं आवार मिळालं. आम्ही मोजक्या माणसांचा स्वयंपाक धरला होता, आणि सकाळपासून माणसं येतच राहिली, बरीचशी आपापले वाळवणाचे डबे घेऊन. अचलपूरकडचं एक जोडपं शकुंतला नावाच्या छोट्या, संथ आगगाडीतून आलं. त्यांनी डबा खिडकीशी ठेवला होता, आत अंबाडी, आणि गाडीची चाल अशी की वाटेत ऊन सरकलं. तेव्हा अनोळखी प्रवाशांनीच दर स्टेशनला उठून डबा उन्हाकडे फिरवून दिला. मूर्तिजापूर येईतो भाजी वाळली होती आणि गाडीच्या डब्यातले निम्मे प्रवासी ती बघायला त्यांच्यामागं आवारात आले.

उतारावरून भांडणारे दोघे तिथं समोरासमोर आले आणि बघतच राहिले. ते अकोल्यात एकाच गल्लीत राहत होते. रोज सकाळी एकमेकांना नमस्कार करून घरी जाऊन टोपणनावांनी भांडत होते. मला हसू आवरेना. ते दोघेही हसले आणि लगेच काचेजवळ जाऊन पुन्हा सुरू झाले.

शेंदूरजनाघाटची बाई पोचली तेव्हा चाचीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकदम मिठी मारली. जेवताना आम्ही तिघी शेजारी बसलो. त्या वर्षांत आमच्याकडे कॅमेरे घेऊन गाड्या यायच्या, त्यांना वऱ्हाडातून एकच बातमी हवी असायची. बाईच्या बागेतली झाडंही पाण्याअभावी वाळत चालली होती, हे तिनं गटावर कधी लिहिलं नव्हतं. त्या दिवशी सहज बोलता बोलता सांगितलं.

मी विचारलं, मग लिहिलं का नाही?

ती म्हणाली, "आमच्या गावात जो येते थो आमाले रडताना पाह्यले येते. इथं तुमी मले चकत्याचा रंग इचारत होते. मले थे बरं वाटे."

चाचीनं तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली. मग तिला काहीतरी सांगून हसवलं. काय ते मला ऐकू आलं नाही.

निघताना चिखलदऱ्याचे एक गृहस्थ पुढे आले. त्यांच्याकडे थोडी कॉफीची झाडं होती आणि बिया या डब्यात वाळतील का, हे त्यांना बघायचं होतं. त्यांनी पुरतं विचारायच्या आत चाचीनं होकार दिला. महिन्याभरात आम्ही तिघी एसटीच्या टपावर डबा बांधून घाट चढलो. शेंदूरजनाघाटची बाई पहिल्यांदाच घरच्या माणसांशिवाय प्रवासाला निघाली होती. प्रत्येक वळणावर ती चाचीचा हात धरायची आणि चाची माझा.

वर पोचलो आणि अवकाळी ढग आले. मुक्कामभर ऊन म्हणून पडलं नाही. पंखा एकदाही फिरला नाही, बिया जशाच्या तशा ओल्या. आम्ही गृहस्थांच्या ओसरीत घोंगड्या पांघरून त्यांचीच गेल्या वर्षीची कॉफी पीत बसलो. चाची दर थोड्या वेळानं अंगणात जाऊन आभाळाला कूलरवाल्याच्या भाषेत सुनावून यायची आणि आम्ही दोघी पोट धरून हसायचो. मला लाज वाटत होती, एवढा घाट चढून येऊन हाती काहीच नाही. पण चाचीचं म्हणणं, जसं घडलं तसं लिही.

अमरावतीला परतल्यावर मी सगळं लिहिलं, ढग, ओल्या बिया, शिव्या वगळून चाची. गटावर आजवर कशालाच आली नव्हती इतकी उत्तरं त्याला आली. कुणी चुलीच्या धगेवर पंखा फिरवायची युक्ती सांगितली, कुणी डब्यात दगड तापवून ठेवायला सांगितलं. त्या गल्लीतल्या दोघांनी पहिल्यांदाच मिळून एक आकृती पाठवली. मोरोक्कोच्या मास्तरांनी लिहिलं की त्यांच्या डोंगरातही ढग आहेत आणि त्यांचेही जर्दाळू ओले आहेत. मी ते वाचून दाखवायला चाचीला फोन लावला, तर ती म्हणाली थांब, आधी चाचांना बोलावते, आणि जिन्यावरून त्यांना हाका मारत सुटली.