आतोबांची कुजबुज

समोरचा माणूस बोलता बोलता थांबला, की तो पुढचं विसरला असं ठामपणे मानणारा आमच्या आतोबांसारखा दुसरा माणूस या पृथ्वीतलावर नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे कन्नड गावचे, नोकरीपुरते पाटबंधारे खात्यात. पण खरा पेशा प्रॉम्प्टरचा. तरुणपणी गावातल्या हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना ते विंगेत उभे राहून संवाद पुरवत. पुढे नाटकं बंद पडली, मंडळी पांगली, पुरवणं मात्र चालूच राहिलं. लग्नात भटजींनी मंगलाष्टकांत श्वास घेतला, की पुढची ओळ आतोबांकडून येते. मी मुलगी बघायला गेलो आणि जरा घुटमळलो, तर शेजारून आवाज आला, "छंद विचार, छंद." तो मुलीच्या आईनेही ऐकला आणि तिनेच मला माझे छंद विचारले. त्यांची कुजबुज ज्याच्यासाठी असायची त्याला सोडून बाकी सगळ्यांना ऐकू जायची. एका शोकसभेत तर श्रद्धांजलीसाठी सगळे स्तब्ध उभे असताना अध्यक्षांचं गप्प राहणं आतोबांना बघवेना. "ईश्वर मृतात्म्यास," असं त्यांनी मागून पुरवलं, आणि बिचारे अध्यक्ष दचकून पुढचं बोलूनही गेले. लोक खाली बसले.

अशा माणसाची मुग्धा ही एकुलती एक लेक, आणि ती नाटकं बसवते. यंदा तिने हौसेने तेच जुनं संगीत नाटक नव्याने बसवायला घेतलं, ज्याला आतोबा कधीकाळी विंगेत उभे असायचे. आतोबा हरखले. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. मग ते तालमीला गेले आणि दुःखाला सुरुवात झाली. जुने रंगवलेले पडदे मुग्धाने काढून टाकले होते, ऑर्गन आणि तबला खालून उचलून थेट रंगमंचावर आणले होते, माईक बंद, आणि पदं निम्मी केली होती. आतोबांनी हेही सोसलं. गाळलेली पदं ते तालमीच्या हॉलबाहेर स्वतःच म्हणून घेत. पण शेवटच्या अंकात नायिकेला नवरा परत येणार नाही असं कळतं, त्या ठिकाणी बाप-लेकीचं जमेना. जुन्या पद्धतीत ते कळायचा अवकाश, ऑर्गन सूर देई आणि बाई गायला लागत. मुग्धाने तिथं ऑर्गन थांबवला. नायिका नुसती उभी राहते, चांगला बराच वेळ, आणि मग गाते. आधी तिला कळू दे, मग गाऊ दे, असं मुग्धाचं म्हणणं. लोक नाटक बंद पडलं समजून चपला शोधायला लागतील, असं आतोबांचं.

रोज तालमीत ती वेळ आली की कोपऱ्यातून पदाचे पहिले शब्द येत, नायिका फिसकन हसे आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मुग्धाने वडिलांना तालमीला बंदी घातली. आतोबा रुसले. प्रयोगालाही येणार नाही म्हणाले, कारण नरड्याचा भरवसा नाही. मुग्धा म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथं बोललात तर नाटक मोडेल. पण आलाच नाहीत तर मी मोडेन."

आतोबा आले. इस्त्रीचं धोतर, अत्तर, सगळा थाट. कन्नडहून, पाचोडहून जीपा करून जुने रसिक आले होते आणि संगीत नाटक कशाशी खातात हे माहीत नसलेली कॉलेजची पोरंही. माईक नसल्यामुळे सगळं नाट्यगृह ऐकायला पुढे सरकून बसलं होतं. दुसऱ्या अंकात तर ती पोरंच वन्स मोअर मागायला लागली. घरच्यांनी माझी नेमणूक आतोबांच्या शेजारी केली होती, आणि शेवटच्या अंकात मी त्यांचं मनगट धरूनच बसलो.

ती वेळ आली. नायिका थांबली. ऑर्गन थांबला. आतोबांचे ओठ हलायला लागले, पण आवाज आला तो मागच्या रांगेतून. एक वयस्क गृहस्थ हळहळून म्हणाले, "विसरली वाटतं बिचारी." कुणीतरी खाकरलं, खुर्च्या कुरकुरल्या. आतोबा वळले आणि आपल्या त्या जगजाहीर कुजबुजीत म्हणाले, "विसरली नाय ती. माझ्या लेकीनं बसवलंय तसं. गप ऱ्हावा."

हे अर्थात सगळ्यांना ऐकू गेलं. पण कुणी हसलं नाही, नायिकासुद्धा नाही. सगळं नाट्यगृह गप्प झालं, आणि ती बाई एकटी उभी आहे हे आम्हाला तेव्हा खरं दिसलं. मग तिने गायला सुरुवात केली. मला आतोबांचा इतका अभिमान यापूर्वी कधी वाटल्याचं आठवत नाही.

प्रयोग संपल्यावर मुग्धा धावतच बाहेर आली आणि तिने विचारलं, पद कसं झालं. आतोबा चष्मा पुसत होते.

"पद ऐकलं कुठं मी," ते म्हणाले. "त्याच्या आधी जी जागा घेतलीस ना बाळा, लई मोठी. मी अजून तिथंच हाय."

त्यांचा हात धरून मुग्धा त्यांना पायऱ्या उतरवू लागली. ते इतके हळू कधीपासून चालायला लागले, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं.